फिर्यादीत न आलेला फोन

तालुक्याच्या वार्ताहराला अपघाताची बातमी लिहायला फार वेळ लागत नाही. साचा तयार असतो. दुचाकीवरील नियंत्रण सुटल्याने, नाहीतर अज्ञात वाहनाने धडक दिल्याने. वय अमुक, राहणार तमुक. फिर्याद चुलत भावाने दिली. अधिक तपास हवालदार करत आहेत. गाव आणि वय बदललं की बातमी नवी. मी कुर्डुवाडीहून बातम्या पाठवायला लागलो तेव्हा कागद एसटीच्या पार्सलनं सोलापूरला जायचे, पुढं फॅक्सनं जायला लागले, आता व्हॉट्सअ‍ॅपनं जातात. साचा मात्र तोच राहिला.

या साच्यात एक वस्तू कधीच बसत नाही, ती म्हणजे मोबाईल. टेंभुर्णी रस्त्याला कुणी पडलं की तासाभरात स्टँडसमोरच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असतं, "फोनवर बोलत चालला होता." दुसऱ्या दिवशी पेपरात हे नसतं. फिर्यादीत नसतं, पंचनाम्यातही नसतं. अपघाताच्या जागेपासून छापखान्यापर्यंत तो फोन कुठं कुठं गळत जातो, त्याचे हे किस्से. नावं कुणाचीच देत नाही. गाव लहान आहे.

१०८ च्या रुग्णवाहिकेवरच्या ड्रायव्हरला 'पायलट' म्हणतात. २०१४ साली ही सेवा राज्यात सुरू झाली तेव्हा या शब्दावर बरेच विनोद झाले, आता तो रुळला. अशाच एका पायलटनं मला सांगितलं, "आम्ही पोचतो तवा दोन गोष्टी चालू असत्यात. गाडीचा इंडिकेटर आणि फोन." फोन वाजत असतो. गर्दीतला कुणी उचलायला धजत नाही, कारण उचलला की सांगायची पाळी आपल्यावर येते. व्हिडिओ काढणारे मात्र चार-पाच जण असतात.

त्या दिवशी जखमी बेशुद्ध होता, बरोबर कुणी नव्हतं. फोन वाजायचा, आणि हातात घेईपर्यंत थांबायचा. नंबर लावायला जावं तर कुलूप. मागून कुणीतरी ओरडलं, "अंगठा लावा की त्याचा!" अंगठा मातीनं आणि रक्तानं माखलेला. डॉक्टरांनी सलाईनचं पाणी ओतून तो पुसला, पायलटनं फोन त्याला टेकवला. दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा उघडला. शेवटच्या नंबरला नाव होतं 'घर'. पलीकडून बाईंचा आवाज आला, "अवो, मगाशी बोलता बोलता कट झाला, तवापासनं लावतीय. येताना..." पायलट म्हणाले, "ताई, मी अ‍ॅम्ब्युलन्सचा माणूस बोलतोय." काय घडलंय, कुठं नेतोय ते सगळं त्यांनी सांगितलं. फोन कट कशानं झाला, ते सांगितलं नाही.

तो माणूस वाचला. बार्शीला हलवला, महिनाभरानं घरी आला. बातमी मीच लिहिली होती: खड्डा चुकवताना नियंत्रण सुटलं. खड्डाही तिथं होता, खोटं काही नव्हतं.

त्या दिवसापासून हे पायलट भेटेल त्याला एकच गोष्ट सांगतात. बहुतेक फोनमध्ये कुलूप न उघडताही दिसेल असा एखादा घरचा नंबर आणि रक्तगट टाकून ठेवायची सोय असते, ती वापरा. मी किती जणांना विचारलं असेल, पण हे करून ठेवलेला माणूस मला अजून एकच भेटलाय. तो म्हणजे पायलट स्वतः.

आता पोलिसांकडं येऊ. जिल्ह्यातल्याच एका ठाण्यातले हवालदार, निवृत्तीला आलेले. अपघाताच्या फिर्यादी त्यांच्याइतक्या कुणी लिहिल्या नसतील. 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात' हे शब्द झोपेतून उठवलं तरी त्यांच्या तोंडून बाहेर पडतील. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान जाऊन न्याय संहिता आली, कलम २७९ चं २८१ झालं, ३०४ अ चं १०६ झालं. शब्द तेच राहिले. एकटाच स्वार, स्वतःच पडला आणि गेला, तरी गुन्हा दाखल होतो, आणि आरोपी मयत स्वतःच असतो. मग आरोपी हयात नाही म्हणून 'अबेटेड समरी' कोर्टात जाते आणि फाईल बंद होते. घरच्यांना हे पहिल्यांदा कळतं तेव्हा ते चक्रावून जातात. माणूस आमचा गेला आणि गुन्हा बी त्याच्यावरच?

"अशा वेळी," हवालदार म्हणाले, "फिर्याद द्यायला चुलता येतो, न्हाईतर मेव्हणा. पहिलं वाक्य काय असतंय? सायेब, फोनचं काय लिहू नका."

याला कारणं दोन. एक पैशाचं. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघाती कवच असतं. शेतकरी असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख मिळतात, त्या फाईलला फिर्याद, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडावा लागतो. गावात प्रत्येक फाईलमागं एक जाणता माणूस उभा असतो. तो बजावतो की फोनचा एक शब्द आला तर क्लेम बसला म्हणून समजा. नियमात काय आहे ते तपासायच्या भानगडीत कुणी पडत नाही, भीतीच पुरेशी असते.

दुसरं कारण हवालदारांनी जरा थांबून सांगितलं. फोन लिहिला की पुढचा प्रश्न येतो, कुणाचा फोन? बहुतेक वेळा तो घरातलाच निघतो. आई असते, बायको असते, किंवा शाळेतनं 'पप्पा कधी येताय' म्हणणारं पोरगं असतं. त्या माणसाला उरलेलं आयुष्य त्याच घरात काढायचं असतं. "मग मी लिवतो, नियंत्रण सुटून," हवालदार म्हणाले.

फोन चालू होता हे सिद्ध करायचंच म्हटलं तर कंपनीकडून कॉलचा तपशील मागवावा लागतो. तो एसपी ऑफिसमार्फत येतो. खुनाला, दरोड्याला मागवतात; एकट्यानं पडलेल्या माणसासाठी कोण मागवणार? आणि बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर चाललेलं असेल तर त्या तपशिलात ते दिसतही नाही.

केंद्राच्या परिवहन मंत्रालयाचा २०२१ चा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात रस्त्यावर १,५३,९७२ माणसं गेली, आणि त्यातली मोबाईलच्या वापरानं १,०४०. म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. कुठल्याही चौकात पाच मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला हा आकडा हसवेल. आकडा दिल्लीत चुकत नाही. तो मेव्हण्याच्या त्या पहिल्या वाक्यात चुकतो. अलीकडं अपघाताची माहिती पोलीस 'आयरॅड' नावाच्या अ‍ॅपमध्ये जागेवरूनच भरतात. आयआयटी मद्रासनं ते बनवलं आणि सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. चांगली सोय आहे. पण अ‍ॅपमध्येही तेच भरलं जाणार, जे कुणीतरी तोंडानं सांगेल.

गॅरेजमधले मेस्त्री मात्र तोंडी माहितीवर विसंबत नाहीत. आमच्या एका मेस्त्रींचा दावा असा की पडलेली गाडी बघून फोन कुठल्या हातात होता ते सांगता येतं. मला तो पुरता पटलेला नाही, पण त्यामागचं गणित ऐकण्यासारखं आहे. मोटरसायकलचा उजवा हात अ‍ॅक्सिलेटरवर आणि पुढच्या ब्रेकवर असतो, डावा क्लचवर. फोन काढायला माणूस डावा हात सोडतो. समोर काही आलं की उजव्या हातानं पुढचा ब्रेक कचकन दाबतो, क्लच दाबायला हात नसतो, हँडल एका हातानं धरलेलं असल्यामुळं वाकडं होतं आणि गाडी उजवीकडं, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाते. फोन उजव्या हातात असेल तर पुढचा ब्रेकच नाही, सगळा भार मागच्या ब्रेकवर, आणि मागचं चाक घसरतं. "आन मान?" मी विचारलं. मान वाकडी करून खांद्यात फोन दाबणाऱ्यांचा प्रकार वेगळा. त्यांना त्या बाजूचा आरसाच दिसत नाही.

हेल्मेटात फोन खोचणारे या सगळ्यांत स्वतःला शहाणे समजतात, कारण दोन्ही हात मोकळे आणि हेल्मेटचा दंडही वाचला. थंडीत कानटोपी किंवा उपरण्यात फोन बांधणारे म्हातारे बघितले की मला त्यांचं कौतुक वाटतं, आणि पोटात गोळाही येतो. हात मोकळे असले तरी लक्ष कुठाय? टेंभुर्णी ते कुर्डुवाडी रस्ता वीसेक किलोमीटरचा. वाटेत पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे साखर कारखाना. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असते, मागं दिवा नसतो. रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा दरवर्षी होतात, तरी एखादी सुटतेच. गाडी ताशी ६० नं चालली असेल तर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. स्क्रीनवर कुणाचं नाव आलंय ते बघायला पाच सेकंद खाली बघितलं की ८३ मीटर गाडी आंधळी चालली. हेडलाईटच्या उजेडात उभी ट्रॉली तेवढ्या अंतरावरून दिसली तरी नशीब.

दंडाचे किस्से वेगळेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि वाहन चालवताना हातात फोन धरणं कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात, आलं. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२१ पासून दुचाकीला त्याचा दंड १,००० रुपये ठेवला, तीन वर्षांत पुन्हा सापडला तर १०,०००. रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायची मुभा मात्र २०२० पासूनच नियमात आहे, चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. त्यामुळं पकडला गेलेला प्रत्येक जण मॅप बघत असतो. एकाला विचारलं, "कुठं चालला होता?" तर म्हणे "घरी."

आता पोलीस गाडी अडवत नाहीत, नुसता फोटो काढतात, आणि चलन मेसेजनं येतं. एक पोरगा फोनवर बोलत चौकातून गेला. फोटो निघाला. पुढं जाऊन त्यानं फोन खिशात ठेवला तोवर खिसा थरथरला. कुणाचा मेसेज म्हणून चालत्या गाडीवर फोन काढून बघतो तर त्याचाच दंड. हा किस्सा पोलिसांनी नाही, त्या पोरानंच हसत हसत मला सांगितला. दुसऱ्या एकाला मेसेज आलाच नाही. गाडी त्यानं सेकंडहँड घेतलेली, नाव चढवलेलं नाही. दंडाचे मेसेज करमाळ्याकडच्या जुन्या मालकाला जात राहिले. जुना मालक वैतागून फोन करायचा, "अरे बाबा, आजबी तुझा फोटो आलाय," आणि हा तो फोन गाडीवरच उचलायचा.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं. गुलाबाची फुलं, शपथ, हेल्मेट रॅली, कॉलेजच्या पोरांचं पथनाट्य. पथनाट्याला पडदा नसतो, तरी पडद्यामागं बरंच घडतं. सगळ्या पथनाट्यांत यमराज असतोच. एका वर्षी यमराजाचं काम करणाऱ्या पोरानं मुकुटाच्या आत इअरफोन लावलेला मी पाहिला. विचारलं तर म्हणाला, "सर, संवाद रेकॉर्ड करून ठेवलेत, विसरायला होतंय." प्रेक्षक टाळ्या वाजवत होते आणि निम्मे ते दृश्य मोबाईलवर टिपत होते, काही जण गाडी स्टँडला न लावता. त्या अभियानाची बातमी मात्र चार कॉलमी येते, फोटोसकट.

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात फोन येतात ते या सगळ्यानंतर. तेरावा होऊन गेला की घरातलं कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीतून फुटका फोन घेऊन येतं. दुरुस्ती नको असते, आतले फोटो हवे असतात. आमच्या ओळखीचा एक दुकानदार या कामाचे पैसे घेत नाही. नवा डिस्प्ले तात्पुरता जोडायचा, फोन चालू करायचा, फोटो पेनड्राईव्हवर काढून द्यायचे. एकदा एका बापानं फोटोंच्या आधी वेगळंच विचारलं, शेवटचा फोन कुणाचा होता? पोरगा कुणाशी बोलत होता, कशासाठी, याच्यावर त्या घरात कितीतरी दिवस धुसफूस चालली होती. एका मित्रावर संशय होता, एका मुलीचं नाव घेतलं जात होतं. दुकानदारानं यादी उघडली. शेवटचा फोन कंपनीचा होता. रिचार्ज संपत आलंय हे सांगणारा, रेकॉर्ड केलेला. बाप बराच वेळ त्या नंबरकडं बघत बसला आणि म्हणाला, "म्हंजे माणूसबी नव्हता का पलीकडं?"

आपण सगळं व्याख्यान गाडीवरच्या माणसाला देतो. फोनला दोन टोकं असतात, आणि दुसरं टोक घरात, बांधावर, ऑफिसात, नाहीतर कुठल्यातरी यंत्रात असतं. त्याला कुणी शपथ देत नाही. गुन्ह्यात ते नाही, दंडात नाही, पथनाट्यातही नाही. मला हे सुचलं ते एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरांमुळं. कुर्डुवाडी रेल्वेचं गाव. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी इथून सुटली तेव्हा या स्टेशनचं नाव बार्शी रोड होतं. नॅरोगेज गेली, तरी रेल्वेत पिढ्या घालवलेली घरं आहेत. इंजिन चालवताना लोको पायलटनं फोन बंद ठेवायचा हा रेल्वेचा पक्का नियम, सरकारनं दिलेला फोनसुद्धा बंद. मी त्यांना विचारलं, जमायचं कसं? ते म्हणाले, "मला काय जमायचंय? घरच्यांना जमवावं लागतं." ड्यूटीवर गेलेल्या माणसाला फोन करायचा नाही, हे त्यांच्या बायकोला लग्नानंतर सासूनं शिकवलं होतं. फारच निकड असेल तर स्टेशनात जाऊन निरोप द्यायचा, तो पुढच्या मुक्कामी मिळायचा. एकदा धाकट्याचा हात मोडला तो त्यांना प्लास्टर घातल्यावर कळला. "काय बिघडलं?" काकूंनी आतून विचारलं. "हे असते तरी हाड काय यांनी बसवलं असतं?"

निवृत्तीनंतर काका मोपेड घेऊन बाजारात जातात. फोन घरी चार्जिंगला असतो. पेन्शनरांच्या कट्ट्यावर यावरून त्यांची चेष्टा होते.

आता चिटबॉयचा किस्सा. हंगामात दुचाकीवर सर्वांत जास्त फोन कुणाला येत असतील तर कारखान्याच्या चिटबॉयला. उसाची नोंद, तोडीचा क्रम, टोळी कुठल्या रानात, गाडी कुठल्या बांधावर, सगळं त्याच्याकडं. "माझी तोड कधी येणार?" हा प्रश्न त्याला दिवसभर ऐकावा लागतो. फोन उचलला नाही तर शेतकरी म्हणतो टाळतोय, आणि चार जणांत बोलतो. उचलायचा तर गाडीवरच उचलावा लागतो, कारण दिवस गाडीवरच जातो.

आमच्या भागातला एक चिटबॉय. २०१६ साली सॅमसंगनं भारतात गॅलेक्सी जे ३ हा फोन आणला, त्यात 'एस बाईक मोड' नावाची सोय होती. गाडीवर बसताना ती चालू करायची. फोन करणाऱ्याला आपोआप ऐकू यायचं की हा माणूस गाडी चालवतोय. फारच निकडीचं असेल तर १ दाबा. १ दाबला तरच फोन वाजणार, आणि तोही गाडी थांबवल्याशिवाय घेता येणार नाही. पलीकडच्या टोकाशी बोलणारी अशी युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. चिटबॉयनं हौसेनं तो फोन घेतला. पहिल्या आठवड्यात त्याला कळलं की तालुक्यातला प्रत्येक ऊस निकडीचा आहे. सगळे १ दाबायला लागले. काहींना तर वाटलं की कारखान्यानंच ही सोय केलीय, १ दाबला की तोड लवकर मिळते. दर दोन किलोमीटरला गाडी उभी करून तो बेजार झाला, आणि हंगामाच्या मध्यावर त्यानं ते बटण बंद केलं.

पुढच्या वर्षी माढ्याच्या अलीकडं तो उभ्या ट्रॉलीला धडकता धडकता वाचला. आरसा तुटला, कोपर सोललं. फोनवर एक शेतकरी होता, आणि धडकेचा आवाज ऐकूनही त्यानं विचारलं ते तोडीचंच. त्या रात्री त्यानं गटातल्या गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: सकाळी सात ते आठ आणि रात्री आठनंतर फोन करा, मधल्या वेळात मी गाडीवर असतो, उचलणार नाही, दुसऱ्या दिवसाच्या तोडीची यादी रात्री इथंच टाकीन. पहिले पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या. कारखान्यात तक्रार गेली. पण यादी रोज पडायला लागली तसे लोक फोन करायचे विसरले. त्यांना बोलायचं नव्हतंच, नंबर कधी लागतोय ते कळायला हवं होतं.

दिवसा त्याचा फोन आता सीटखालच्या डिक्कीत असतो. मधेच वाजला तर तो पहिल्या बांधावर गाडी लावून बघतो. एकच माणूस अजून भरदुपारी फोन करतो, यादी वाचत नाही, ग्रुपवर असूनही. त्याला नाही म्हणायची सोय नाही, कारण ते त्याचे सासरे आहेत, आणि त्यांचा पाच एकर ऊस याच गटात आहे.